निपाणीचा मुसलमान कोणत्या भाषेत मोजायचा?

कोल्हापुरातून बेळगावकडे निघालं की कागल मागे पडतं, दूधगंगेचा पूल येतो आणि पुलापलीकडे कोगनोळीचा टोलनाका. रस्ता तोच, राष्ट्रीय महामार्ग ४८. उसाचे फड तेच, काळी जमीन तीच. बदलतात फक्त पाट्या. मराठीच्या जागी कन्नड अक्षरं दिसायला लागतात आणि मोबाइल कंपनी 'कर्नाटकात स्वागत' असा मेसेज टाकते. तिथून थोड्याच अंतरावर निपाणी. माझ्या खालाचं सासर तिथलं, त्यामुळे लहानपणापासून या रस्त्याने येणंजाणं आहे. शाळेत असताना मला वाटायचं की सीमा म्हणजे काहीतरी तारेचं कुंपण असणार. प्रत्यक्षात होता एक पूल, आणि पुलावर ऊस भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग.

गेल्या ईदला खालाच्या घरी बसलो असताना बोलणं जनगणनेवर आलं. २०११ नंतर रखडलेली जनगणना आता होते आहे. घरांची नोंद एप्रिल ते सप्टेंबर २०२६ या काळात आणि माणसांची प्रत्यक्ष मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये. या वेळी जातही विचारली जाणार आहे. घरात चर्चा जातीचीच चालली होती, काय लिहायचं, शेख लिहायचं की धंद्यावरून असलेली बिरादरी लिहायची, वगैरे. मध्येच खाला म्हणाली, "जात का देखते बैठे. पयले ये बोलो, भाषा क्या लिखना? हमे घर में बोल्ते वो उर्दू हाय क्या?"

सगळे हसले. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सत्तर वर्षं या गावाचं भांडण ज्या एका आकड्यावरून चाललंय, तो आकडा नेमका भाषेचा आहे. आणि त्या आकड्यात निपाणीचा मुसलमान कुठे बसतो, हे ना मुंबईला नीट विचारावंसं वाटलं ना बेंगळुरूला.

आधी गाव समजून घेऊ. २०११ च्या जनगणनेत निपाणी शहराची लोकसंख्या ६२,८६५ होती. जिल्हा बेळगाव. २०१८ पर्यंत तालुका चिकोडी होता, मग निपाणी स्वतःच तालुका झाली. जिल्ह्याचं ठिकाण बेळगाव पाऊणशे किलोमीटरवर, कोल्हापूर मात्र चाळीसेक किलोमीटरवर. म्हणजे दवाखाना, लग्नाचा बस्ता, सोन्याचं दुकान, कॉलेज, सगळ्याची ओढ कोल्हापूरकडे. मुंबई सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास, राज्याची राजधानी बेंगळुरू साडेपाचशेच्याही पुढे. दक्षिणेला तवंदीचा घाट चढला की संकेश्वर, हत्तरगीकडे मुलूख हळूहळू कन्नड होत जातो. पश्चिमेला मुरगूड, राधानगरी, फोंडा घाट उतरून थेट देवगड. देवगड-निपाणी हा जुना रस्ता. कोकणातला माल याच वाटेने घाटावर चढायचा आणि निपाणीचा तंबाखू खाली उतरायचा.

गाव तंबाखूवर वाढलं. दूधगंगा-वेदगंगेच्या खोऱ्यातल्या काळ्या जमिनीत विडीचा तंबाखू पिकायचा, वखारींमध्ये तो कुटला, चाळला, पोत्यांत भरला जायचा. वखारीतलं काम बायकांचं. त्या धुळीत दिवसभर उभं राहणाऱ्या बायकांमध्ये मराठा, दलित, मुसलमान सगळ्या होत्या, आणि विड्या वळणं तर आपल्या कितीतरी घरांत सुपावर बसून चालायचं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला या बायकांनी संघटना बांधली. त्यांच्या लढ्यावर 'युगांतर' या गटाने १९८२ मध्ये 'तंबाखू चाकिला ओब आली' हा माहितीपट केला. त्याआधी १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी याच महामार्गावर ठाण मांडून बसले होते आणि ६ एप्रिलला पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मेले. त्या दिवशी कोणी मराठी आणि कन्नड वेगळं काढलं नव्हतं. आता तंबाखूची जागा बरीचशी उसाने घेतली आहे, वखारी कमी झाल्या, पोरं कोल्हापूरच्या एमआयडीसीत नाहीतर पुण्याला.

आणि भूगोलाची गंमत बघा. निपाणीला अगदी खेटून अर्जुननगर आहे. तिथे देवचंद कॉलेज. निपाणीची पोरं पिढ्यान् पिढ्या तिथे शिकली. ते कॉलेज महाराष्ट्रात आहे, तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर, विद्यापीठ शिवाजी. निपाणीच्या घरातून सायकलवर निघालेला पोरगा पहिल्या तासाला बसतो तेव्हा तो दुसऱ्या राज्यात असतो. संध्याकाळी परत कर्नाटकात. व्हिसाबिसा काही नाही, पण दाखला काढायची वेळ आली की सीमा कुठे आहे ते बरोबर कळतं.

सीमेचा इतिहास थोडक्यात. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची भाषावार पुनर्रचना झाली आणि मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्याआधीच, १७ जानेवारी १९५६ ला, आंदोलनावर गोळीबार झाला होता. बेळगावात माणसं गेली, निपाणीत कमळाबाई मोहिते गेल्या. सीमाभागात तो दिवस अजून हुतात्मा दिन म्हणून पाळतात. १९६६ मध्ये केंद्राने माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा आयोग नेमला. १९६७ मध्ये अहवाल आला. २६४ गावं महाराष्ट्राला द्या, २४७ गावं कर्नाटकाला द्या, बेळगाव कर्नाटकातच ठेवा. महाराष्ट्राला द्यायच्या यादीत निपाणी होती.

हे पुष्कळांना माहीत नसतं. कर्नाटक आजही म्हणतं, महाजन अहवाल हाच शेवटचा शब्द. त्या अहवालाप्रमाणे निपाणी कर्नाटकाची नाही. महाराष्ट्राने बेळगावसाठी अहवाल फेटाळला, त्यामुळे हातात येऊ शकणारी निपाणीही लोंबकळत राहिली. ज्याला निपाणी द्यायची नाही तो अहवाल मानतो आणि ज्याला निपाणी मिळणार होती तो मानत नाही. २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला, दावा अजून तिथेच पडून आहे. डिसेंबर २०२२ मध्ये कोगनोळीला पोलिसांचा गराडा, गाड्यांवर दगडफेक, एसटी बंद, आणि मग २७ डिसेंबरला महाराष्ट्र विधिमंडळाचा एकमुखी ठराव की ८६५ गावांची इंच इंच जमीन घेऊ. त्यानंतर फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावजवळ कंडक्टरला झालेल्या मारहाणीवरून पुन्हा बस बंद. बस बंद झाल्या की निपाणीतला माणूस कोल्हापूरला दवाखान्यात कसा जाणार, हे मात्र कोणत्याच ठरावात नसतं.

आता मुद्द्यावर येतो. महाराष्ट्राचा दावा चार गोष्टींवर उभा आहे. गाव हा घटक धरा, सलगता बघा, भाषेचं सापेक्ष बहुमत बघा आणि लोकांची इच्छा बघा. यातली तिसरी गोष्ट म्हणजे जनगणनेतला मातृभाषेचा रकाना. 'सापेक्ष बहुमत' म्हणजे मराठी निम्म्याहून जास्त असायलाच पाहिजे असं नाही, फक्त दुसऱ्या भाषेपेक्षा जास्त पाहिजे. समजा एका गावात मराठी ४५ टक्के आणि कन्नड ४० टक्के. झालं, गाव मराठी. पण उरलेले १५ टक्के कोण? बहुतेक वेळा ते आपणच असतो. उर्दूच्या रकान्यात. ते ना या बाजूला धरले जातात ना त्या. काटा कोणत्या बाजूला झुकला ते बघताना मधल्या वजनाकडे कोणी बघत नाही.

२०११ ची मोजणी घेतली तर बेळगाव जिल्ह्यात कन्नड ६८ टक्क्यांच्या आसपास, मराठी १८ टक्क्यांच्या पुढे आणि उर्दू सुमारे १० टक्के. मुसलमान जिल्ह्यात सुमारे ११ टक्के. म्हणजे जवळजवळ सगळ्या मुसलमानांनी मातृभाषा उर्दू सांगितली. कर्नाटक राज्याचं चित्रही असंच आहे, मुसलमान १२.९ टक्के आणि उर्दू १०.८ टक्के. आता पुलाच्या अलीकडे या. महाराष्ट्रात मुसलमान साडेअकरा टक्के, पण उर्दू पावणेसात टक्क्यांच्या आसपास. मधला फरक मोठा आहे. कोकणातला, खानदेशातला, मराठवाड्याच्या खेड्यातला कितीतरी मुसलमान मातृभाषा म्हणून मराठी सांगतो, काही हिंदी सांगतात. रत्नागिरीचे आपले पाहुणे 'आमची भाषा कोकणी' असं सहज म्हणतात, त्यात त्यांना काही हरवल्यासारखं वाटत नाही.

निपाणीत ते तसं सहज होत नाही. का? मला वाटतं त्याला कारण सीमाच आहे. जिथे भाषेवरून भांडण आहे तिथे मराठी लिहिलं तर तुम्ही एका बाजूचे ठरता, कन्नड लिहिलं तर दुसऱ्या. उर्दू लिहिलं की दोन्हींपासून सुटका. शिवाय उर्दू ही दीनच्या तालीमची, मदरशाची, निकाहच्या दावतनाम्याची भाषा, तिच्याबद्दल आदर आहे. त्यामुळे घरात दख्खनी बोलणारा, बाजारात मराठी बोलणारा आणि तहसील कचेरीत कन्नड अर्ज भरणारा माणूस रकान्यात एकच शब्द लिहितो, उर्दू. लिहितो म्हणजे बहुतेकदा मोजणीदारच लिहितो. नाव ऐकलं, 'उर्दू ना?', टिक. विचारतसुद्धा नाही.

खालाच्या प्रश्नाकडे परत येऊ. जनगणनेच्या सूचनांमध्ये मातृभाषेची व्याख्या दिलेली आहे. लहानपणी आई तुमच्याशी ज्या भाषेत बोलायची ती भाषा. पुस्तकाची भाषा नव्हे, धर्माची नव्हे, शाळेची नव्हे. मोजणीदाराने तुम्ही सांगाल ते नाव लिहायचं असतं, स्वतःचा तर्क लावायचा नसतो. त्यानंतर 'येत असलेल्या इतर भाषा' असा वेगळा प्रश्न असतो, २०११ मध्ये त्यात आणखी दोन भाषा सांगता येत होत्या. निपाणीच्या बहुतेक घरांसाठी तो प्रश्न मातृभाषेइतकाच महत्त्वाचा आहे, कारण तिथेच मराठी आणि कन्नड दोन्ही बसतात. पण त्या प्रश्नापर्यंत मोजणीदाराला आणि घरातल्या माणसालाही कंटाळा आलेला असतो. चहा झालेला असतो, पुढचं घर बाकी असतं.

'दख्खनी लिही' असं मी खालाला सांगितलं तर? तेही खरंच आहे. आमची नानी उर्दू वर्तमानपत्र वाचू शकत नव्हती, तिची बोली 'कायकू', 'नक्को', 'हौ' अशी, अर्धे शब्द मराठीचे. पण २०११ मध्ये लोकांनी देशभरात साडेएकोणीस हजार वेगवेगळी नावं मातृभाषा म्हणून सांगितली होती. सरकारने ती गाळून १,३६९ केली आणि शेवटच्या तक्त्यात १२१ भाषा उरल्या. बोलीचं नाव दिलं तरी ते पुढे एखाद्या मोठ्या भाषेच्या खाली जाऊन बसतं. म्हणून दख्खनी लिहू नका असं मी म्हणत नाही, फक्त लिहिताना एवढं माहीत असावं.

इथपर्यंत हा आकड्यांचा खेळ वाटेल. आता तो घरात कसा शिरतो ते सांगतो.

आमच्या नात्यातला एक मुलगा. निपाणीत जन्म, पहिली ते दहावी मराठी माध्यम. वर्गात निबंध मराठीत, वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस मराठीत. बारावीनंतर इंजिनिअरिंगला कोल्हापूर किंवा सांगलीत जागा मिळावी अशी इच्छा. महाराष्ट्रात व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशात सीमाभागातल्या मुलांसाठी वेगळा प्रकार आहे, त्याला 'टाइप ई' म्हणतात. विवादित सीमाभागातला रहिवास, तिथल्या संस्थेतून दहावी-बारावी, आणि तिसरी अट, उमेदवाराची मातृभाषा मराठी असली पाहिजे. तसा दाखला जोडावा लागतो. या पोराच्या शाळेच्या रजिस्टरात पहिलीला नाव घालताना मातृभाषेपुढे 'उर्दू' पडलेलं. कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. वडिलांचं नाव बघून गुरुजींनी लिहिलं असणार. दाखला मिळाला नाही. एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत तीन आठवडे गेले. शेवटी तो कर्नाटकातच शिकायला गेला, तिथे त्याला २-ब प्रवर्गाचा उपयोग झाला, शिक्षण झालं, आज चांगला आहे. म्हणजे रडण्यासारखी गोष्ट नाही ही. पण विचार करण्यासारखी आहे.

ती अट का आहे हे मला समजतं. कर्नाटकात कन्नड सक्ती झाल्यामुळे मराठी मुलांचं नुकसान होतं, त्याची भरपाई म्हणून सवलत. बरोबर आहे. पण मराठी शाळेत दहा वर्षं बसलेल्या त्या मुलाचं नुकसान वेगळं कसं? त्याच बाकावर बसलेला पाटलांचा मुलगा टाइप ई मध्ये बसतो, हा बसत नाही, आणि दोघांचं मराठी सारखंच चांगलं, कदाचित याचं जरा जास्त. २०२३ मध्ये महाराष्ट्राने महात्मा फुले जनआरोग्य योजना या ८६५ गावांना लागू केली, तीही तिथल्या मराठी भाषिकांसाठी म्हणून. हेतू चांगला. पण नकाशावर दावा सांगताना अख्खं गाव मोजायचं आणि सवलत देताना उर्दूच्या रकान्यातला माणूस बाजूला काढायचा, असं दोन्ही कसं चालेल? जमीन हवी असेल तर जमिनीवरची माणसंही हवीत. महाराष्ट्र सरकारने टाइप ई ची अट 'मातृभाषा मराठी' ऐवजी 'मराठी माध्यमात शिक्षण किंवा मातृभाषा मराठी' अशी केली तर खर्च किती वाढेल? सीमाभागातल्या नेत्यांनी आणि आपल्या तंजीमांनी ही मागणी एकत्र घेऊन जायला हरकत नाही. ही मागणी मुसलमानांची म्हणून मांडू नये, मराठी शाळांची म्हणून मांडावी. सीमाभागातल्या मराठी शाळांना पट कमी पडतोय अशी ओरड आहे, मग वर्गात बसलेलं पोरगं तरी आपलं म्हणा.

कर्नाटकाच्या बाजूनेही सगळं सुखाचं नाही. पाट्यांवर ६० टक्के कन्नड पाहिजे असा कायदा २०२४ मध्ये आला, त्यात निपाणीच्या बाजारातले किराणावाले, चपलावाले, बेकरीवाले सगळे आले. भाषिक अल्पसंख्याकांसाठी देशात जुना नियम आहे की ज्या भागात एखाद्या अल्पसंख्य भाषेचे लोक १५ टक्के किंवा जास्त असतील तिथे महत्त्वाच्या सूचना, नियम त्या भाषेतही प्रसिद्ध करावेत. जिल्हा धरला तर उर्दू १५ च्या खाली राहते. शहर किंवा तालुका धरला तर चित्र वेगळं निघू शकतं, आणि तिथे प्रत्येक घराने दिलेलं उत्तर मोजलं जातं. म्हणजे उर्दू लिहिण्यालाही अर्थ आहे, मराठी लिहिण्यालाही आहे. दोन्हींची किंमत वेगवेगळ्या खिडकीवर मिळते, एवढंच.

आरक्षणाचं बघा. कर्नाटकात १९९५ पासून मुसलमानांना २-ब मध्ये ४ टक्के आहेत, पिंजारी, नदाफ, छप्परबंद अशा काही बिरादऱ्या प्रवर्ग १ मध्ये. मार्च २०२३ मध्ये तेव्हाच्या सरकारने २-ब काढून टाकलं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तो निर्णय अमलात आला नाही. पुलाच्या अलीकडे कागलमध्ये असं सरसकट काही नाही. २०१४ चा ५ टक्क्यांचा अध्यादेश आला, उच्च न्यायालयाने शिक्षणातला भाग राहू दिला, नोकरीतला थांबवला, पण त्याचा कायदा झालाच नाही. इथे बागवान, तांबोळी, अत्तार, मुलाणी, मोमीन असाल तर ओबीसी, नाहीतर काही नाही. आता निपाणीची मुलगी कागलला दिली, की तिचा तिकडचा दाखला इकडे तसाच चालत नाही. आणि कागलची निपाणीत गेली तरी तेच. आमच्या खालाच्या दोन सुनांपैकी एक इचलकरंजीची आहे, एक संकेश्वरची. दोघींची कागदपत्रं जुळवताना आमच्या भावोजींचे केस पांढरे झाले.

बायकांच्या योजना तर रोजच्या गप्पांचा विषय. निपाणीतल्या आपाला गृहलक्ष्मीचे दोन हजार, कागलमधल्या बहिणीला लाडकी बहीणचे दीड हजार. बेळगावला जायचं तर शक्ती योजनेत तिकीट शून्य, पण दवाखाना कोल्हापुरात, तिकडे पैसे मोजा. पुलाच्या अलीकडे एसटीत बायकांना अर्ध तिकीट. कोणतं राज्य चांगलं असं विचारलं की खालाचं उत्तर ठरलेलं असतं, "जिदर दवाखाना नजीक हाय वो."

हे सगळं निपाणीपुरतं नाही. सीमेच्या या बाजूला अक्कलकोट आणि जत आहेत. तिथे आरसा उलटा धरल्यासारखं आहे. महाजन आयोगाने तिथली गावं कर्नाटकाला द्यायला सांगितली होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी जतच्या गावांवर हक्क सांगितला तेव्हा पाण्याला कंटाळलेल्या काही गावांनी 'जातो आम्ही तिकडे' म्हटलं होतं. त्या गावांतही मुसलमान आहे, घरात दख्खनी बोलतो, शेजाऱ्याशी कन्नड, शाळेत मराठी. त्यालाही कोणी विचारलं नाही.

मग फेब्रुवारी २०२७ मध्ये काय करायचं? एक सर्वांसाठी स्पष्ट करतो, कारण याबद्दल बऱ्याच अफवा फिरतात. जनगणनेत दिलेलं उत्तर कायद्याने गोपनीय असतं. १९४८ च्या जनगणना कायद्याप्रमाणे ते कोर्टात पुरावा म्हणून वापरता येत नाही. म्हणजे तिथे मराठी लिहिल्याने मुलाला टाइप ई चा दाखला मिळणार नाही, आणि उर्दू लिहिल्याने कोणी तुमचं काही काढून घेणार नाही. दाखल्याला लागतं ते शाळेचं रजिस्टर. म्हणून ज्यांच्या घरात यंदा मूल पहिलीला जाणार आहे त्यांनी मातृभाषेच्या रकान्यात काय लिहिलं जातंय ते उभं राहून बघावं. गुरुजींवर सोडू नये. नंतर दुरुस्ती होते, पण तीन आठवडे नव्हे, कधी कधी तीन वर्षं लागतात.

जनगणनेबाबत माझं मत असं की घराने आधी बसून ठरवावं, आणि खरं ते सांगावं. ज्या घरात आई मुलांशी मराठीत बोलते, आणि अशी घरं आता निपाणीत वाढली आहेत, त्यांनी मराठी सांगताना दबकू नये. मराठी सांगितल्याने कोणाचा इमान कमी होत नाही. ज्या घरात दख्खनी किंवा उर्दू आहे त्यांनी तेच सांगावं, पण 'इतर भाषा' विचारल्याशिवाय मोजणीदाराला उठू देऊ नये. मराठी आणि कन्नड, दोन्ही लिहायला लावावं. एकाच घरात सासूची मातृभाषा उर्दू आणि सुनेची मराठी असं असू शकतं, प्रत्येकाचा रकाना वेगळा असतो. घरातल्या कर्त्या पुरुषाने सगळ्यांचं एकच उत्तर देऊन टाकायचं नसतं. या वेळी मोबाइलवरून स्वतः माहिती भरायचीही सोय आहे, त्याचा उपयोग करावा. तिथे 'उर्दू ना?' म्हणून घाई करणारं कोणी नसेल.

निपाणीत काही तरुण मुलांनी मोहल्ल्यात बसून लोकांना हा फॉर्म समजावून सांगायचं ठरवलं आहे असं कळलं. जुम्माच्या नमाजनंतर पाच मिनिटं यावर बोललं तरी पुष्कळ होईल. जातीच्या रकान्यावर जेवढी चर्चा चालली आहे त्याच्या चौथा हिस्सा तरी भाषेवर व्हावी.

खालाला मी शेवटी विचारलं, नानी तुझ्याशी कशात बोलायची? तिने थोडा विचार केला. म्हणाली, बोलायची आपली बोली, पण रागावली की मराठीत शिव्या द्यायची. वखारीत शिकलेल्या.

"तर मग काय लिहायचं?"

"दोनो लिखो बोल," ती म्हणाली. "और तिसरा भी लिखो. राशन का फॉर्म तो कन्नड में भरती मैं."